मामांच्या मोटारीचे रडगाणे

प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, की जी टाकवत नाही आणि सांभाळवतही नाही. कुणाकडे आजोबांचे लोलकाचे घड्याळ असते, कुणाकडे सूर गेलेली पेटी. आमच्या वाट्याला मोटार आली. तीही चारचौघींसारखी नव्हे. दोनच माणसांची, जमिनीलगत बसणारी, छप्पर उतरवले की पावसापाण्याची फिकीर न करणारी एम.जी.ए.!

ही मोटार माझ्या मामांची. १९५७ सालची. मुंबईत नोकरीला असलेला एक इंग्रज साहेब १९६८ साली मायदेशी परतला, तेव्हा मामांनी लग्नासाठी साठवलेले पैसे मोजून ती घेतली. त्यापायी आपले लग्न दोन वर्षे लांबले, हे आमच्या मामी हयात असेपर्यंत दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ऐकवीत असत. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी १९५५ ते १९६२ या काळात या जातीच्या एक लाखाहून थोड्या अधिक मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या बहुतेक परदेशी, विशेषतः अमेरिकेला गेल्या. एखादीच वाट चुकून आमच्या पुण्यात आली.

मामा आज पंच्याऐंशीचे आहेत. गाडी चालवणे त्यांनी सोडले, पण दरवर्षी भाऊबीजेला दादरला माझ्या मावशीकडे जायचे ते एम.जी.तूनच, हा त्यांचा नेम. सारथ्य माझ्याकडे आले त्याला आता बरीच वर्षे झाली. गेल्या भाऊबीजेहून परतताना मात्र गाडी मागच्या अंगाने रडू लागली. ताशी पन्नास किलोमीटरचा वेग आला की एक बारीक, लांब सूर निघे. ऐंशीवर तो सूर वरच्या सप्तकात जाई. पाय उचलला की क्षणभर थांबे आणि मग खर्जात सुरू होई.

"इंजिन नव्हे हं ते," मामा डोळे मिटून म्हणाले. "डिफरन्शियल आहे. दाते गेले."

आता हे डिफरन्शियल म्हणजे काय, हे आमच्या सौभाग्यवतींना समजावून देताना माझी जी धांदल उडाली, ती वाचकांची उडू नये म्हणून खेड्यातला एक दाखला देतो. खळ्यावर मळणी चालू असताना मधल्या तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलतो, तर पातीच्या टोकाच्या बैलाला जवळजवळ पळावे लागते. दोघांनी एकाच चालीने चालायचे ठरवले तर पात मोडेल. मोटार वळणावर वळते तेव्हा तिच्या मागच्या दोन चाकांचे असेच होते. आतले चाक थोडे फिरते, बाहेरचे जास्त. इंजिनाची शक्ती तर दोघांना मिळाली पाहिजे आणि प्रत्येकाला आपल्या चालीने चालायची मोकळीक हवी. ही किमया मागच्या एक्सलच्या मधोमध, कलिंगडाएवढ्या फुगीर पोटात बसवलेली असते. १८२७ साली फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या गृहस्थाने वाफेच्या गाडीसाठी ती योजली. हे गृहस्थ मूळचे घड्याळजी! पुढे आमच्यावर जे प्रसंग आले, त्यांत मला त्यांची वारंवार आठवण झाली.

त्याच पोटात आणखी एक जोडी असते. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक, त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दातेरी कड्याला फिरवते, त्याचे नाव क्राउन. आमच्या गाडीच्या पिनियनला १० दाते आणि क्राउनला ४३. म्हणजे दांडा ४.३ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. या दोन आकड्यांना एकाखेरीज भागणारी कोणतीही सामाईक संख्या नाही, हे मुद्दाम केलेले असते. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला पाळीपाळीने भेटतो आणि झीज सर्वांवर सारखी वाटली जाते. चाळीतल्या पाण्याच्या पाळीपेक्षा हा न्याय कितीतरी बरा!

हे रडगाणे कुणाकडे न्यायचे, हा प्रश्न पडला नाही. नाना पेठेत आमचे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांची सारी हयात अँबॅसडर गाड्यांच्या सहवासात गेली. अँबॅसडरचे १,४८९ सी.सी.चे जुने इंजिन आणि आमच्या एम.जी.चे इंजिन हे एकाच ब्रिटिश घराण्यातले, सख्खे चुलत भाऊ म्हणाना. त्यामुळे मिस्त्री आमच्या मोटारीला 'विलायतेची चुलती' म्हणतात आणि तिच्या पोटात हात घालायला कचरत नाहीत.

गाडी मागून उचलून घोड्यांवर ठेवली. तेल काढले. चाके आणि ब्रेकचे ड्रम उतरवून दोन्ही बाजूंचे अर्धे एक्सल बाहेर ओढले. दांड्याचे चार बोल्ट सोडले. मग पोटाच्या तोंडाभोवतीचे नट काढून मिस्त्रींनी आणि त्यांच्या पोऱ्याने ते अवजड धूड दोघांच्या हातांवर झेलले आणि बाकावर आणून ठेवले. रॉकेलने धुतल्यावर क्राउनचे दाते दिव्याखाली धरले. गुळगुळीत चकाकी असायला हवी तिथे बारीक ओरखडे होते, आणि काही दात्यांना देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते.

मिस्त्रींनी दात्यावरून अंगठ्याचे नख फिरवले. "साहेब, ही गाडी कधीतरी पातळ तेलावर चालली आहे. आज नव्हे, फार पूर्वी. तेव्हाचं लागलेलं आहे हे. पुढं नुसतं वाढत गेलं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे पुष्कळ होते.

तो प्रसंग १९८१ सालचा. मी कॉलेजात होतो. सुटीत मामांकडे आलो असताना मामांनी सांगितले, "बाळ, मागच्या एक्सलमधलं तेल उतरलं आहे. कपाटातला डबा घे आणि भर." मी मोठ्या ऐटीत गाडीखाली शिरलो. कपाटात दोन डबे होते. तेल ते तेल, असे म्हणून हाताला आला तो डबा ओतला. तो इंजिन ऑइलचा होता, हे रिकामा डबा टाकताना माझ्या लक्षात आले. सांगायचे धाडस झाले नाही. मामांनी पुढे केव्हातरी तेल बदलले असेल, एवढ्यावर मी मनाची समजूत घातली आणि विसरून गेलो.

या चुकीचे मोल किती, ते मिस्त्रींनी न विचारता समजावले. आमच्या गाडीतला पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिचा फायदा असा, की दांडा खाली जातो आणि बैठक खाली आणता येते. शिवाय दाते मोठे आणि मजबूत करता येतात. तोटा असा, की दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. घसरताना त्यांच्यावर इतका दाब येतो, की साधे तेल मधून पिळून निघते आणि लोखंडाला लोखंड लागते. म्हणून तिथे वेगळे, गंधकयुक्त औषध घातलेले तेल लागते. ते धातूच्या अंगावर एक सूक्ष्म थर धरते. त्याला एक खास, काहीसा कुजकट वास येतो. ज्याने तो वास एकदा घेतला, तो डबा चुकत नाही. मी १९८१ साली तो घेतला नव्हता, एवढेच.

नवी जोडी हिंदुस्थानात मिळण्याची आशा नव्हतीच. बर्मिंगहॅमला राहणाऱ्या माझ्या मित्राने फोनवर एक मोहात पाडणारा तोडगा सुचवला. एम.जी.ए.च्या पाठची एम.जी.बी. १९६२ साली निघाली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांचे अख्खे डिफरन्शियल आमच्या गाडीच्या पोटात जसेच्या तसे बसते. त्यात क्राउनचे दाते ४३च, पण पिनियनचे ११. म्हणजे प्रमाण ३.९. इंजिनाचे फेरे शंभराला नऊने कमी होणार. ताशी ऐंशी किलोमीटरला सध्या मिनिटाला सुमारे २,९०० फेरे पडतात, ते २,६५० वर येतील. गाडी शांत चालेल, पेट्रोल वाचेल. शिवाय जुळवाजुळव करण्याची दगदग नाही. एक काढायचे, दुसरे बसवायचे.

मी हरखून गेलो आणि कागदावर आकडेमोड करून मामांसमोर ठेवली. मामांनी चष्मा लावून ती वाचली आणि एवढेच विचारले, "आणि घाट कोण चढणार?"

खरोखरच, त्या नऊ टक्क्यांचे दुसरे नाव चढावरची ओढ असे आहे. सपाटीवर जे मिळते ते चढावर द्यावे लागते. या व्यवहारात सूट नाही. सत्तरएक अश्वशक्तीचे हे जुने इंजिन इंग्लंडच्या लांबलचक सपाट रस्त्यावर ते प्रमाण सहज ओढील. पण आमची भाऊबीज खंडाळ्याच्या घाटाखाली आहे. खोपोलीहून वर येताना पुढे मालट्रक असला, की दुसऱ्या गिअरमध्ये जी ओढ लागते ती शंभराची एक्क्याण्णव झालेली मला चालणार होती काय? शिवाय वेगाचा काटा गिअरबॉक्सवरून चालतो. प्रमाण बदलले, की तो खरा वेग कमी करून सांगणार. मी कागद घडी करून खिशात घातला. ठरले ते ४३ आणि १०.

ही जोडी माझा भाचा सप्टेंबरात लंडनहून येताना घेऊन आला. पाच-सहा किलोचे ते दातेरी कडे विमानतळावरच्या यंत्रात दिसताच त्याला बाजूला घेण्यात आले. "हे काय आहे?" या प्रश्नाला त्याने "मामाच्या मामांचं डिफरन्शियल," असे प्रामाणिक उत्तर दिले. सुटका व्हायला अर्धा तास लागला.

क्राउन आणि पिनियन ही जोडीनेच घ्यायची असतात. कारखान्यात ती दोघे एकमेकांवर घासून जुळवलेली असतात आणि दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. एकाचा पिनियन आणि दुसऱ्याचा क्राउन असा संसार कधी चालत नाही. खंडेनवमीला मिस्त्रींनी पाने आणि हातोड्यांच्या रांगेत ही जोडीही मांडली आणि तिच्यावर झेंडूचे फूल ठेवले.

मग खरे काम सुरू झाले. मला वाटत होते, जुने काढायचे आणि नवे घालायचे. पण पिनियन किती आत शिरावा हे त्याच्या डोक्यामागच्या एका पातळ चकतीवर ठरते, आणि क्राउन त्याच्या किती जवळ यावा हे दोन्ही बाजूंच्या चकत्यांवर. दोन दात्यांमध्ये जी मोकळीक ठेवायची ती इंचाच्या पाच ते सात सहस्रांश. डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवावेत इतकी. कमी झाली तर दाते तापून जळतात, जास्त झाली तर खडखडतात. पिनियनच्या नव्या बेअरिंगना किती आवळायचे हे पाहायला मिस्त्रींनी त्याच्या तोंडाला दोरी गुंडाळली, दोरीला ताणकाटा अडकवला आणि हळूहळू ओढून वजन वाचले. ताणकाटा आमच्या स्वयंपाकघरातला, रद्दी मोजायचा. तो अजून परत गेलेला नाही, ही गोष्ट सौभाग्यवती विसरलेल्या नाहीत.

सर्वांत गंमत वाटली ती शेंदराची. मारुतीला लावतात तोच शेंदूर तेलात कालवून मिस्त्रींनी क्राउनच्या पाच-सहा दात्यांना लावला. "हात धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही, शिसं असतं त्यात," असा दमही भरला. मग पोऱ्याला क्राउन दाबून धरायला सांगून पिनियन फिरवला. ज्या ठिकाणी दाता दात्याला लागला तिथला शेंदूर पुसला गेला आणि एक डाग उमटला. तो डाग दात्याच्या मधोमध हवा. टोकाकडे उमटला तर पिनियन आत सरकवायचा, बुडाकडे उमटला तर बाहेर घ्यायचा. आतल्या कडेला उमटला तर क्राउन दूर न्यायचा, बाहेरच्या कडेला उमटला तर जवळ आणायचा. एक सुधारावे तर दुसरे हलते. दर वेळी बेअरिंग दाबून काढायचे, चकती बदलायची, पुन्हा बसवायचे, पुन्हा शेंदूर लावायचा.

असे पाच वेळा झाले. सहाव्या वेळी डाग जवळजवळ मध्यावर आला, किंचित बुडाकडे. मिस्त्री म्हणाले, "अजून एकदा काढू." त्या दिवशी वसुबारस होती. घरी सौभाग्यवती म्हणाल्या होत्या, "अहो, त्या पैशांत घराला रंग झाला असता, निदान दिवाळीत तरी घरी थांबा." मी मिस्त्रींना म्हटले, "एवढ्यानं काय होतंय? चालेल. बंद करा."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि बंद केले.

धनत्रयोदशीला गाडी बाहेर काढली. सपाटीवर ती लोण्यासारखी चालली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. कात्रजचा घाट चढतानाही आवाज नाही. पण वळून उताराला लागलो, पाय उचलला आणि मागून तो ओळखीचा सूर आला. बारीक, पण स्पष्ट. चढताना दात्याची एक बाजू ओझे घेते, उतरताना दुसरी. माझे 'चालेल' त्या दुसऱ्या बाजूला चालले नव्हते. आणि मुंबईला जाताना अख्खा खंडाळ्याचा घाट उतरायचा होता!

मी मिस्त्रींकडे गेलो. ते 'मी सांगितलं होतं' असे म्हणाले नाहीत. गाडीत बसून त्यांनी तो उतार ऐकला आणि म्हणाले, "असंच चालवलं तर दोन हजार किलोमीटरांत हे दाते त्याच चुकीच्या जागी घासून बसतील. मग पुन्हा बदलूनसुद्धा उपयोग नाही. आताच उघडली तर जोडी वाचेल."

नरकचतुर्दशीच्या पहाटे गल्लीत फटाके वाजत होते आणि सारी पुरुषमंडळी सुगंधी तेल लावून पाटावर बसली होती, तेव्हा मी गाडीखाली उताणा पडून नव्वद नंबरच्या कुजकट तेलाने अभ्यंगस्नान करीत होतो. मिस्त्रींना मी सणाच्या दिवशी बोलावले नव्हते. ते आपणहून आले. डोक्यामागची चकती इंचाच्या दोन सहस्रांशांनी पातळ केली. क्राउन पुन्हा जुळवला. शेंदूर लावला. या वेळी डाग मधोमध आला, कपाळावर कुंकू लावावे तसा. लक्ष्मीपूजन झाले, पाडवा उजाडला, आणि पाडव्याच्या संध्याकाळी कात्रजचा उतार मुका झाला. वीसेक किलोमीटर जाऊन गाडी थांबवायची, पोटाला हात लावून पाहायचा, निवू द्यायची, पुन्हा निघायचे, असे नव्या दात्यांचे लाड रात्रीपर्यंत केले.

भाऊबीजेला पहाटे आम्ही निघालो. २००२ पासून एक्सप्रेसवे पूर्ण खुला झाला असला, तरी आम्ही जुन्याच रस्त्याने, सत्तरच्या आतबाहेर जात होतो. मामा मफलर गुंडाळून डोळे मिटून बसले होते. घाट उतरून खोपोलीला चहाला थांबलो तोवर ते एक शब्दही बोलले नाहीत. चहाच्या टेबलावर मात्र मला राहवेना.

"मामा, एक सांगायचं होतं. १९८१ साली तुम्ही मला एक्सलमध्ये तेल भरायला सांगितलं होतंत..."

"इंजिन ऑइल घातलंस," मामा म्हणाले.

मी बघतच राहिलो.

"डबा कचऱ्यात सापडला मला, पण तोवर गाडी लोणावळ्याला जाऊन आली होती. दुसऱ्या दिवशी मी बदललं तेल."

"मग मला बोलला का नाहीत?"

मामांनी बशीतला चहा संपवला. "तू पहिल्यांदाच आपणहून गाडीखाली शिरला होतास. ओरडलो असतो तर परत शिरला नसतास. दाते काय, मिळतात. आज नाही का मिळाले?"

मावशीने ओवाळताना विचारले, "दादा, गाडी ठीक आहे ना? नाहीतर पुढच्या वर्षी ट्रेननं ये." मामा म्हणाले, "गाडी उत्तम आहे. यानं बसवली."

परतताना खोपोलीच्या वरच्या चढावर पुढे एक मालट्रक आला. मी दुसरा गिअर घातला. ४३ आणि १० दात्यांनी न कुरकुरता आम्हां दोघांना आणि मावशीने दिलेल्या चकल्यांच्या डब्याला वर ओढून नेले. खंडाळा आल्यावर मी मामांकडे पाहिले. त्यांना झोप लागली होती. आदल्या वर्षी त्या आवाजाने त्यांचा डोळा लागला नव्हता.